नाक्यापर्यंतच्या सवाऱ्या

माझा नातू कॅनडातल्या एका मोठ्या विद्यापीठात शिकतो. परवा फोनवर तो तिथला खर्च सांगत होता. फी वेगळी, खोलीचं भाडं वेगळं, बसचा पास वेगळा, बर्फात चालायचे बूट वेगळे. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "आजी, तुझ्या बी.ए.ला किती खर्च आला गं?"

मी म्हटलं, "चार मोटारींच्या सीटा."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. पण मी खरं तेच सांगितलं होतं, आणि तेसुद्धा अर्धंच. उरलेलं अर्धं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

माझा जन्म धारचा. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते संस्थानच्या पागेत जीन शिवायचे. त्यांचे वडीलही तेच करायचे, आणि त्यांचे आजे लष्कराबरोबर दक्षिणेतून आले ते खोगिरं शिवतच आले, असं घरात सांगत. आमच्या घराला चामड्याचा, मेणाचा आणि घोड्याच्या घामाचा वास यायचा. शाळेतल्या मुली नाक मुरडायच्या. मला मात्र तो वास अजूनही कुठे आला तर बरं वाटतं. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आईलाही नाही. त्यांच्या आधीच्या कुणाला येत असेल असं मला वाटत नाही.

संस्थानं विलीन झाली तेव्हा मी दहाएक वर्षांची होते. पागेतले घोडे विकले गेले. एक दिवस आबांना कचेरीत बोलावून कसल्याशा कागदावर त्यांचा अंगठा घेतला. घरी येऊन ते ओट्यावर बसले आणि शाईचा अंगठा धोतराला पुसत राहिले. आईने विचारलं, "कागदावर काय होतं?"

"मला काय ठाऊक? मी आणि घोडा, दोघं सारखेच शिकलेले."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला वाचता आलं पाहिजे. पार शेवटपर्यंत."

शेवटपर्यंत म्हणजे कुठपर्यंत, हे त्यांनाही माहीत नव्हतं. पुढे कुणीतरी त्यांना सांगितलं की शेवट बी.ए.ला असतो. त्यांनी ते मनात धरलं.

आबांची थोरली बहीण, माझी आत्या, देवासला होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, घर स्वतःचं आणि तोंड त्याहून स्वतःचं. तिने कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं की इकडे मोटारी वाढल्या आहेत, त्यांच्या सीटा फाटतात, आणि शिवणारा कुणी नाही. तेवढ्या पत्रावर आम्ही धार सोडलं. आबांनी मोटार स्टँडच्या कोपऱ्यात बसून घोड्यांच्या जिनांचे टाके मोटारींच्या सीटांना घालायला सुरुवात केली. म्हणायचे, "घोडा निदान मान वळवून बघायचा कोण शिवतंय ते. ही मोटार बघतसुद्धा नाही."

देवास म्हणजे दोन पात्यांचं, एकाच घराण्याच्या दोन राज्यांचं गाव, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्ही राज्यं कागदावरून गेली होती, पण आमच्या रस्त्यावरून गेली नव्हती. रस्त्याच्या अलीकडची घरं थोरल्या पातीची, पलीकडची धाकट्या पातीची. आत्याचं घर अलीकडे. बरोबर समोर एक काकू राहायच्या. त्यांचे यजमान धाकट्या पातीच्या कचेरीत कारकून होते, तेही वारले होते. काकू सोवळ्यातल्या, कडक. आमच्या घरचं पाणी त्यांना चालत नसे, आणि हे त्या लपवीत नसत. पण मला मराठी वाचायला बसवलं ते त्यांनीच. शाळेत हिंदी, रस्त्यात माळवी, अशाने माझ्या मराठीचं पार कडबोळं झालं होतं. काकू त्यांच्या ओसरीवर, मी पायरीवर, अशी आमची रोज संध्याकाळी वाचणी व्हायची. चुकलं की म्हणत, "पुन्हा वाच. तुझ्या आबांनी टाका असा तिरका घातला तर चालेल का?"

मॅट्रिक झाले. कॉलेज होतं इंदूरला. तिथे राहण्याजेवण्याचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता, त्यामुळे रोज मोटारीने जायचं ठरलं. पण रोजचं तिकीट तरी कुठून आणायचं? आबा मोटारमालकाकडे गेले आणि सौदा करून आले. वर्षाला एका मोटारीच्या सगळ्या सीटा आबांनी नव्याने शिवून द्यायच्या, आणि मालकाने वर्षभर पोरीला न्यायचं आणि आणायचं. दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं. म्हणजे सौदा बरा असावा.

बाकीचा खर्च आम्ही असा काढला. निम्मी फी माफ झाली. पुस्तकं वाचनालयातली, आणि जी मिळाली नाहीत ती मैत्रिणीची रात्रीपुरती. पांढरी पातळं दोन, त्यातलं एक आईच्या जुन्या लुगड्यातून काढलेलं. इंदूरच्या स्टँडपासून कॉलेजपर्यंत टांगा होता, मी चालत जात असे. दुपारी डबा, ज्वारीची भाकरी आणि जे असेल ते. मुलींच्या खोलीत इतर मुली पुऱ्या आणायच्या, आणि माझी भाकरी आवडीने मागून खायच्या. मला त्यात कमीपणा वाटला नाही. उगाच खोटं कशाला लिहू?

तीन वर्षं अशी सरळ गेली. चौथ्या, शेवटच्या वर्षी वेळापत्रक बदललं आणि इतिहासाचा तास सकाळी नऊला आला. आमची मोटार सातला सुटायची, म्हणजे तसं म्हणायचं. खरी सुटायची भरल्यावर. मालकाचा हुकूम होता की पंधरा सवाऱ्या झाल्याशिवाय मोटार हलवायची नाही. सवाऱ्या साडेसातला भरत, कधी पावणेआठला. मी धापा टाकत वर्गात जायची तेव्हा हजेरी होऊन गेलेली असायची. प्राध्यापक मला बसू देत, पण वहीत गैरहजेरी तशीच राहायची. तास ऐकायला मिळतोय ना, मग झालं, असं मी मनाला समजावत राहिले. मूर्खपणाच तो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर फळ्यावर यादी लागली. हजेरी कमी असलेल्यांची. त्यात माझा नंबर. मी ऑफिसात गेले. तिथले हेडक्लार्क चष्मा वर करून म्हणाले, "बाई, इतिहासाच्या तासाला तुम्ही निम्म्याहून जास्त दिवस गैरहजर."

"मी रोज येते हो!"

"येता. उशिरा येता. रजिस्टरला उशीर कळत नाही. त्याला हजर आणि गैरहजर, दोनच कळतात."

"मग आता?"

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "आता सत्र संपेपर्यंत एकही दिवस चुकवू नका. एकही. मग कशीबशी भरेल. नाहीतर परीक्षेचा फॉर्म विद्यापीठाकडे जाणार नाही, आणि हे वर्ष पुन्हा."

हे वर्ष पुन्हा म्हणजे काय, ते मला कळत होतं. आबांच्या उजव्या हाताचं बोट त्या वर्षी धरायला लागलं होतं, जाड सुई ओढताना ते ओठ आवळत. आणखी एका मोटारीच्या सीटा त्या हातातून निघतील असं मला वाटत नव्हतं. आणि धारच्या आमच्या भावकीत तर मी कधी नापास होतेय याची वाट बघत स्थळं शोधून ठेवलेली होती.

संध्याकाळी घरी सांगितलं. आबा उठून स्टँडवर गेले आणि ड्रायव्हरला घरीच घेऊन आले. ड्रायव्हर माळव्यातलाच, गावात सगळे त्याला भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचे. तो दारात उभा राहून म्हणाला, "अरे बाई, में क्या करूँ? भरे बिना गाडी नी जाएगी. सेठ का हुकम हे."

आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "भरायला किती लागतात?"

"पंधरा."

"इंदूरपर्यंत जाणारेच लागतात का?"

भियाला प्रश्न कळला नाही. "मतलब?"

"मतलब, शेठने काय सांगितलंय? पंधरा बसले पाहिजेत, की पंधरा उतरले पाहिजेत?"

भियाने टोपी मागे सरकवली. मग हसू दाबत म्हणाला, "बैठने का बोला हे."

आत्या तांदळाचं सूप तसंच टाकून उठली आणि रस्ता ओलांडून काकूंच्या ओसरीपाशी गेली. मी मागे. आत्याने सगळं सांगितलं. तिची युक्ती अशी होती. गावाबाहेर इंदूरच्या वाटेवर चुंगीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. मोटारीत तिकिटं नाक्यावर फाडायची रीत होती, त्यामुळे स्टँडपासून नाक्यापर्यंत बसलं तर कुणी पैसे मागत नसे. सकाळी सातला आपण आठ-नऊ बायकांनी मोटारीत जाऊन बसायचं. मोटार भरली की सुटणार. नाक्यावर उतरायचं आणि चालत घरी यायचं.

काकू म्हणाल्या, "ही फसवणूक नाही का?"

"कुणाची? मोटार तर जाणारच आहे."

काकूंनी विचार केला. "थोरल्या पातीतून किती जणी निघतात?"

"पाच."

"मग आमच्यातून सहा निघतील," काकू म्हणाल्या. जरा थांबून पुन्हा म्हणाल्या, "पण एक अडचण आहे. त्या सीटा चामड्याच्या. मी सोवळ्यातली, चामड्यावर बसायची नाही. आणि उभी राहिले तर भिया मला मोजायचा नाही."

हे ऐकून मी घरी येऊन आबांना सांगितलं. त्याच संध्याकाळी त्यांनी स्टँडवर जाऊन खिडकीजवळच्या एका सीटचं चामडं उसवलं आणि कंदिलाच्या उजेडात तिला जाड नवं कॅनव्हास शिवलं, आत स्वच्छ काथ्या भरला. सकाळी काकू आल्या तेव्हा आबा मोटारीजवळ उभे होते. लांबूनच म्हणाले, "काकू, ती सीट कापडाची आहे. चामड्याचा दोराही नाही त्यात, सुताने शिवलीय."

काकूंनी हात लावून बघितलं. बसल्या. म्हणाल्या, "टाके सरळ आहेत." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही.

पहिल्या दिवशी मोटार सात वाजून पाच मिनिटांनी हलली. उजव्या बाजूला थोरली पाती, डाव्या बाजूला धाकटी पाती, तसंच आपोआप बसल्या. बऱ्याच जणी मोटारीत पहिल्यांदाच बसत होत्या. गचका बसला की दोन्ही पात्या एकदम "अगं बाई!" म्हणत. नाक्यावर कंडक्टर तिकिटांची वही काढून आला तशी आत्या उठली. मागोमाग सगळ्या उठल्या.

कंडक्टर म्हणाला, "अरे, ये क्या? इंदौर नी जाना?"

"आम्ही इंदूरला जातो असं कोण म्हणालं तुला?" आत्या म्हणाली. "हमकू तो नाके पे काम था."

भिया पुढून ओरडला, "जाने दे रे. गाडी भर के छोडी थी, सेठ से झूठ थोडी बोलना पडेगा."

त्या दिवशी इतिहासाच्या वर्गात माझा नंबर पुकारला तेव्हा मी "हजर" इतक्या मोठ्याने म्हणाले की मुलं हसली. प्राध्यापकांनी वहीतून वर बघितलं आणि म्हणाले, "अरे वा."

आता नाक्यावर काम होतं असं आत्याने नुसतं तोंडावर फेकलं होतं. पण दोन दिवसांत खरंच काम निघालं. आसपासच्या खेड्यांतले माळी भाजीचे भारे घेऊन सकाळी नाक्यावर थांबत, चुंगी भरायला. बाजारात जायच्या आधीची, दव असलेली भाजी. बायकांनी तिथेच घ्यायला सुरुवात केली. बाजारापेक्षा स्वस्त, आणि बाजारात चार जणांनी चिवडायच्या आधीची. आठवड्याभरात सगळ्यांच्या हातात पिशव्या दिसू लागल्या. नव्या बायका विचारू लागल्या, "आम्ही येऊ का गं?" दोन्ही पात्यांमध्ये मेथीवरून बोलाचाली झाल्या. एकदा तर आत्या आणि काकू चार दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण दोघीही रोज मोटारीत आपापल्या बाजूला येऊन बसत होत्या.

हे सगळं माझ्या मनाला लागत होतं. एकदा नाक्यावर त्या उतरत असताना मी काकूंना म्हटलं, "तुम्ही सगळ्या माझ्यासाठी थंडीत उठून येता, मी कसं..."

काकूंनी मला पुढे बोलू दिलं नाही. "तुझ्यासाठी कोण येतंय? मी वांग्यांसाठी येते. तू अभ्यास कर."

डिसेंबर असा गेला. एकही दिवस चुकला नाही. मी मनातल्या मनात दिवस खोडत होते.

मग भोगी आली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरोघरी भोगीची भाजी लागते. गाजर, वांगी, घेवडा, ओला हरभरा, बोरं, सगळं एकत्र करून, वर तीळ. ती भाजी नाक्यावर ताजी मिळते हे आता साऱ्या रस्त्याला ठाऊक झालं होतं. आत्या भाजीसाठी आधीच घरून निघून गेली होती, मी रोजच्यासारखी सातला दहा कमी असताना स्टँडवर पोचले. स्टँड मोकळा. मोटार नाही, बायका नाहीत. एक भेळवाला हातगाडी पुसत होता.

मी विचारलं, "भाई, इंदौर की मोटर?"

"वो तो गई. आज तो साडेछे बजे से लुगाइयाँ आ के बैठ गई थीं. खचाखच. भर गई तो छोड दी उसने."

मला आधी कळेचना. मग कळलं. भरल्याशिवाय सुटायची नाही, एवढंच आम्ही सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. भरली की वेळेआधीही सुटते, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. भोगीच्या भाजीसाठी दोन्ही पात्या पहाटेच येऊन बसल्या, मोटार भरली, आणि जिच्यासाठी ती भरायची तिला सोडून निघून गेली. पुढची मोटार दहाची. हेडक्लार्कचं ते "एकही" माझ्या कानात वाजायला लागलं.

मी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि धावत सुटले. नाका मैलभर तरी असेल. पातळ एका हाताने वर धरलेलं, दुसऱ्या हातात चपला, बगलेत वह्या. देवासनं तोवर अशी धावणारी कॉलेजातली मुलगी बघितली नव्हती. दुकानांच्या फळ्या काढणारी माणसं थांबून बघत होती. एक ओरडला, "काँई हुयो बई? आग लागी कईं?" मोटार थांबलेली असेल असं मला वाटत नव्हतं. धावत होते ते नुसतं उभं राहवेना म्हणून.

तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं. नाक्यावर मोटार थांबली, बायका उतरायला उठल्या, आणि काकूंनी आपल्या कॅनव्हासच्या सीटवरून मागे वळून बघितलं. माझी रोजची जागा शेवटच्या बाकावर. तिथे धाकट्या पातीतली एक बाई गाजरांसाठी आणलेली रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली होती.

"पोरगी कुठाय?" काकू म्हणाल्या.

सगळीकडे शोध. मोटारीत पोरगी नाही. आत्याने कपाळावर हात मारला. भिया म्हणाला, "अब क्या करें? उतरो बाई, सवारियों को देर हो री हे."

काकू परत खाली बसल्या. "पोरगी आल्याशिवाय मी उतरत नाही."

आत्याही बसली. मग उजवी बाजू बसली, मग डावी. तिकिटाच्या सात-आठ सवाऱ्या कुरकुरायला लागल्या. एक वकील म्हणाले, "माझी कोर्टात तारीख आहे." आत्या म्हणाली, "तिचीही आहे."

आणि बसल्या बसल्या या बायकांनी भोगीची भाजी खरेदी केली. माळी मोटारीच्या खिडक्यांपाशी आले. खिडकीतून गाजरं आत, पैसे बाहेर. वकिलांच्या मांडीवर कुणीतरी हरभऱ्याची जुडी ठेवली, "जरा धरा हो" म्हणून. मी वळणावरून दिसले तेव्हा मोटार नाक्यावर उभी होती आणि तिच्या सगळ्या खिडक्यांतून हिरवा पाला बाहेर आलेला होता.

मी जवळ आले. मला बोलता येत नव्हतं. आत्या दारात उभी राहून ओरडली, "कुठे उलथली होतीस? तुझ्यापायी सगळी मोटार खोळंबली!"

जणू चूक माझीच. तिने मला हाताला धरून वर ओढलं, माझ्या हातातल्या चपला खाली टाकल्या आणि म्हणाली, "घाल." मग सगळ्या उतरल्या. काकू शेवटी उतरल्या. भियाने मोटार अशी सोडली की नदीच्या पुलापर्यंत कुणी तोंडातून शब्द काढला नाही.

मोटार वेळेआधी निघालेली होती, त्यामुळे नाक्यावरचा उशीर भरून निघाला. वर्गात शिरले तेव्हा हजेरी चालू होती, माझा नंबर अजून यायचा होता. आला, आणि मी "हजर" म्हणाले. मागची मुलगी कुजबुजली, "तुझ्या केसांत हरभरा आहे." असेल. मी काढला नाही.

फेब्रुवारीत अंतिम यादी लागली. दोनदा वाचली, माझा नंबर तिच्यात नव्हता. हेडक्लार्क खिडकीतून म्हणाले, "बाई, भरली हो. अगदी काठावर." मी घरी येऊन सांगितलं, की फॉर्म गेला, आता अभ्यासाची सुट्टी, मग परीक्षा. आबा सीट शिवत होते, त्यांनी मान हलवली आणि टाका पुरा केला. आई देवापुढे साखर ठेवायला गेली. आत्या म्हणाली, "म्हणजे उद्यापासून तू मोटारीला नाहीस?"

"नाही."

"आम्ही आहोत," आत्या म्हणाली. "भाजीचं काय करणार मग?"

आणि खरंच त्या जात राहिल्या. उलट मोटार वेळेवर सुटते हे कळल्यावर इंदूरला जाणारे कारकून, वकील, व्यापारी तिलाच येऊ लागले. मालकाला कळलं तेव्हा तो रागावला नाही. त्याने मोटारीवर सातची वेळ रंगवून घेतली आणि भरायची वाट बघायची अट काढून टाकली. बायकांना नाक्यापर्यंत फुकट बसू द्यायची ती पद्धत मात्र त्याने चालू ठेवली. मागच्या दोन बाकांवर, जागा असली तर. आत्या ते सांगताना म्हणायची, "आमच्यामुळे त्याचा धंदा वाढला, आणि आम्हालाच मागे बसवलं."

पास झाल्याचं वर्तमानपत्रात कळलं. पण पदवी मिळायला पुढचा हिवाळा उजाडला. आमचं कॉलेज ज्या विद्यापीठाला जोडलेलं होतं ते दूर, दुसऱ्या प्रांतात. पदवीदानाला जायचं तर रेल्वेचं भाडं, राहणं, वर काळा झगा भाड्याने. मी गेले नाही. माझं विद्यापीठ मी आजतागायत पाहिलेलं नाही. पदवी रजिस्टर पोस्टाने आली. आबांनी हात धुतले, कागद उजेडात धरला, अंगठ्याने कडेला चाचपला, जसं ते चामडं चाचपत. म्हणाले, "वाच."

मी वाचलं. इंग्रजीत होतं, त्याचा अर्थ सांगितला.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी विचारलं, "हा शेवट ना?"

"हो आबा, शेवट."

"बरं," ते म्हणाले, आणि सुई उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पदवी घेऊन स्टँडवर गेले. मागच्या दोन बाकांवर सगळ्या बसल्या होत्या. काकूंची कॅनव्हासची सीट पुढेच होती आणि मालकाने सांगूनही त्या तिथून हलल्या नव्हत्या. मोटार हलली तशी पदवी हातोहात फिरू लागली. हात पदराला पुसून एकेकीने धरली. कुणी उलटी धरली. कुणी विचारलं, "यात तुझं नाव कुठलं?" मी बोट ठेवून दाखवलं. काकूंनी ती घेतली, इंग्रजी त्यांना येत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाल्या, "ओळी सरळ आहेत."

नाका आला. त्या उतरायला लागल्या. मीही उठले.

भिया आरशात बघून म्हणाला, "अरे बाई, आप भी? बी.ए. हो के नाके तक ही?"

मी म्हटलं, "भिया, आज मुझे भी नाके पे काम हे."

उतरले, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, एक आमच्यासाठी, एक काकूंसाठी, आणि त्या सगळ्यांबरोबर चालत गावात आले. वाटेत काकूंनी त्यांची जुडी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि कुठल्या माळ्याकडून घेतली ते विचारलं. मी सांगितलं. "त्याची जून असते," त्या म्हणाल्या, आणि जुडी पिशवीत टाकली.